चौदा नंबरची खोली

"आई दिवसभर जुन्या घराच्याच गोष्टी काढून बसतात. नव्या जागेत त्यांचं मनच लागत नाही. हे वयामुळे, की डोक्याचा काही आजार?"

हा प्रश्न मला आता महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. मुंबईत कुणाची चाळ पुनर्विकासाला गेलेली असते, कुणाची सोसायटी. मोठं घर मिळणार म्हणून नातेवाईक अभिनंदन करतात आणि घरातलं एक माणूस मात्र गप्प होत जातं. अशाच एका काकूंचा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू नायगावच्या बीडीडी चाळीतल्या. या चाळी सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) शंभरेक वर्षांपूर्वी बांधल्या. एका मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार होतं, तोवर डोंबिवलीला भाड्याने राहायचं ठरलं. सामान बांधताना माळ्यावरचं पितळेचं पिंप मुलाने भंगारात दिलं. तेव्हापासून काकूंची झोप उडाली.

त्यांना घेऊन आली ती सून, आणि ती मनापासून काळजीत होती. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत सुनेला उगाच दोष लागतो. "दुसरं पिंप आणू म्हटलं तर जास्तच रडतात हो ताई," ती म्हणाली.

काकू बराच वेळ पदराचं टोक चाळवत बसल्या. मग म्हणाल्या, "पिंपाचं एवढं काय, ते मलाही कळतंय. पण मला विचारायचं तरी."

सुनेच्या प्रश्नाचं उत्तर मी तिथेच दिलं. जुन्या घराची ओढ हा आजार नाही. १६८८ साली योहानेस होफर या स्विस वैद्याने या ओढीला रोग ठरवून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं होतं, पण आजचं मानसशास्त्र तिला रोग मानत नाही. घर बदलताना पायाखालची ओळखीची जमीन सरकते, तेव्हा मन साठवलेल्या ओळखी बाहेर काढतं. घाबरलेलं मूल आईचा पदर धरतं, तसंच ते.

मी काकूंना वही आणायला सांगितली. "सातवी शिकलेय मी, काय लिहिणार?" जात्यावर बसलं की ओवी सुचते, हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती, त्यांनीच हसून म्हटलं. ठरलं ते इतकंच: संध्याकाळच्या चहानंतर पंधरा मिनिटं लिहायचं, झोपायच्या तोंडावर नको. शुद्धलेखन बघायचं नाही. त्यांनी दाखवल्याशिवाय वही कुणी उघडायची नाही.

पहिल्या आठवड्यात प्रकृती बिघडल्यासारखी वाटली. सुनेचा फोन आला, "लिहून झालं की आणखी रडतात." हे होतं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगांवर लिहायला लावलं होतं. लिहून उठताना त्यांनाही जास्त उदास वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. सगळ्यांना सारखा गुण येतो असं मात्र नाही, म्हणून काय लिहिलं जातंय ते पाहावं लागतं.

काकूंनी आपणहून वही दाखवली. चार दिवस एकच वाक्य फिरून फिरून आलं होतं: मला का नाही विचारलं. माझ्या मते ही आठवण नव्हे, हा रवंथ. रवंथात प्रसंग जागचा हलत नाही आणि दुसरं माणूसही त्यात येत नाही. मी म्हटलं, "काकू, त्या पिंपाला कुणाकुणाचे हात लागले, तेवढंच लिहा."

पुढच्या वेळी वहीत बारा पानं भरलेली होती. जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. यजमान गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, तान्हं मूल पदरात. महिने लोटले, पगार नाही. काकूंनी पोळीभाजीचे डबे करायला घेतले आणि पाण्याला पिंप पुरेना, तेव्हा शेजारणींनी आपापले हंडे आणून दारात ठेवले. कुणी कणीक मळून दिली, कुणी डबे पोचवले. हे वाचून दाखवताना त्यांचा आवाज वेगळाच होता. मध्येच थांबून म्हणाल्या, "तेव्हा तर घरच बसलं होतं हो. आता निदान चूल तरी पेटतेय."

यासाठीच मी आठवणी लिहायला सांगते. "तुम्ही खंबीर आहात" असं मी दहा वेळा म्हटलं असतं, तरी त्यांना ते परकं वाटलं असतं. इथे त्यांच्याच अक्षरात त्यांचीच साक्ष होती.

मग त्यांनी मजल्याचा नकाशा काढला. १ ते २० खोल्या, प्रत्येकीत कोण राहायचं ते. चौदा नंबरला अडल्या. आठवेना म्हणून विरारला गेलेल्या जुन्या शेजारणीला कितीतरी वर्षांनी फोन लावला. तिलाही आठवेना, पण बोलणं तासभर चाललं. आता दर गुरुवारी फोन असतो.

मुलगा एकदाच आला. "जड होतं, तिला उचलायला नको म्हणून दिलं," म्हणाला आणि आईकडे न बघता रडला. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

घरातल्यांना एक विनंती आहे. अशा माणसाला "विसर आता" म्हणू नका आणि त्याच्या वस्तूंचा निर्णय परस्पर घेऊ नका. दोन आठवडे उलटूनही झोप-जेवण सुटलेलंच असेल, माणूस कशातच रमत नसेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. जगणं नको असं बोलणं तोंडी आलं, तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत.

शेवटच्या भेटीत काकूंनी नकाशा परत दाखवला. चौदा नंबर अजून मोकळाच होता. त्याच्या खाली डोंबिवलीच्या मजल्याचे चार चौकोन काढले होते. दोन भरलेले. तिसऱ्यात लिहिलं होतं: "हिच्या दाराशी तुळस आहे. नाव विचारायचंय."