लुगड्याचं झबलं
पहिलंच झबलं शिवतेयस ना, मग आजीचं सुती लुगडं घे. नऊवार म्हणजे आठेक मीटर कापड. एखादं बिघडलं तरी पुरतं. कात्री लावण्याआधी मात्र ते उजेडासमोर धर. बसायच्या जागी हमखास विरलेलं असतं. तिथे दोन्ही हातांनी हलकं ताण. चर्र झालं की तो भाग गोधडीला. निऱ्यांमधलं बहुधा धड निघतं.

जरीचा काठ टोचतो. मी हौसेने गळ्याला लावला, तर भाची दिवसभर किरकिरली! सुई अकरा नंबरची, टाके बारीक. आतल्या कडा दुमडून दुहेरी शिवण घाल, नाहीतर दोन धुण्यांत दशा सुटतात. बटणं नकोतच, बाळ तोंडात घालतं. त्याच कापडाचे बंद लाव, तेही आखूड.