‘हिम विकर’, ‘स्पंदन’ आणि ‘कंपन’

प्रश्न असा आहे: एका जीवरसायनशास्त्रज्ञाच्या कामाची मराठीत ओळख करून देताना विचारणाऱ्यांनी ‘स्पंदनात्मक वर्णपटदर्शनाद्वारे हिम विकरांवरील संशोधन’ अशी ओळ लिहिली आहे. (वर्णपटदर्शन म्हणजे रेणू कोणता प्रकाश शोषतो किंवा विखुरतो यावरून त्याचा अभ्यास.) इथे ‘स्पंदन’ योग्य की ‘कंपन’, एवढेच त्यांना हवे आहे.

कंपन. पण त्याची कारणे नंतर देतो, कारण या ओळीतला मोठा घोळ ‘हिम’मध्ये आहे आणि त्याबद्दल त्यांनी विचारलेलेच नाही. विषय ठाऊक नसलेला कुणीही ही ओळ वाचून बर्फाळ प्रदेशातल्या जिवाणूंबद्दल काहीतरी असणार असे धरून चालेल. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

हा शब्द ‘हीम’ असा दीर्घ लिहायचा. ग्रीकमध्ये ‘हायमा’ म्हणजे रक्त, त्यावरून तो आला. मध्यभागी लोहाचा एक अणू, त्याला चार नायट्रोजन अणूंनी धरलेले आणि भोवती पॉर्फिरिन नावाच्या रेणूचे सपाट कडे, अशी त्याची रचना. पंचाईत अशी की बोलताना आपण बर्फाच्या ‘हिम’मधली इकारही लांबवतोच. अकारान्त शब्दातले उपान्त्य अक्षर लांब उच्चारायची मराठीची सवयच आहे. ‘हिम’ तत्सम म्हणून केवळ लेखनात ऱ्हस्व राहिला. म्हणजे कानाला दोन्ही शब्द सारखेच, फरक काय तो डोळ्यांना दिसतो, आणि तोही पहिल्या विभक्तीपुरता. ‘वकील’चे ‘वकिलाला’, ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, त्याच नियमाने ‘हीम’चे सामान्यरूप केले की ‘हिमाचा’ होतो आणि आपण पुन्हा बर्फात. म्हणून इथे ‘टीम’चा कित्ता गिरवावा. ‘टिमाचा’ कुणी म्हणत नाही, ‘टीमचा’ म्हणतात. तसेच हीमचा, हीमला, हीममधला. सामान्यरूप करायचेच नाही.

मग हीमला सरळ मराठी प्रतिशब्द का देऊ नये? हिमोग्लोबिनसाठी ‘रक्तारुण’ हा देखणा शब्द मराठीत वापरलेला आहे, तेव्हा ‘रक्त’ घेऊन हीमसाठीही काही घडवावे असा मोह होतो. तो टाळावा. हीम एन्झाइमांपैकी (विकर म्हणजेच एन्झाइम, पेशीतल्या रासायनिक क्रियांना वेग देणारे प्रथिन) बहुतेकांचा रक्ताशी संबंध नाही. पेरॉक्सिडेज वनस्पतींत सापडते, कॅटालेज जिवाणूंतही असते, आणि यकृतात औषधांची विल्हेवाट लावणाऱ्या सायटोक्रोम पी-४५० कुळाचे तर नावच प्रकाशावरून पडले आहे: कार्बन मोनॉक्साइड जोडला की हे रंगद्रव्य ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते. झाडाच्या मुळातल्या प्रथिनाला ‘रक्त-’ लावणे मला तरी पटत नाही.

‘विकर’ला माझा विरोध नाही. शाळेच्या पुस्तकांमुळे तो रुळला आहे. फक्त एक काना जास्त पडला की ‘हिम विकार’ होतो, म्हणजे थेट आजारच. दुसरा प्रतिशब्द ‘वितंचक’. तो मागे पडला याची मला हळहळ वाटते. संस्कृतात ‘तञ्च्’ म्हणजे गोठणे, ‘आतञ्चन’ म्हणजे विरजण. एन्झाइम हा शब्द १९व्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी ग्रीकमधून घडवला, आणि त्यातल्या ‘झाइम’चा अर्थही खमीर, आंबवण असाच. वितंचक घडवणाऱ्याने अर्थाच्या मुळाशी जाऊन काम केले होते. पण आता तो लिहिला तर दहातले नऊ वाचक अडखळतील, म्हणून मी एन्झाइमच लिहितो.

आता मूळ प्रश्न. हृदयाचे स्पंदन होते, नाडीचे होते. ‘स्पंदन’ म्हटले की आकुंचन-प्रसरणाचा ठोका मनात येतो. ‘आंदोलन’ लंबकाचे, पण मोर्चेवाल्यांनी तो शब्द केव्हाच ताब्यात घेतला, आणि ‘अणूंचे आंदोलन’ वाचून हसू आवरत नाही. ‘कंपन’ ताणलेल्या तारेचे. इथे नेमके तेच हवे आहे. दोन अणूंमधला बंध जितका घट्ट तितके कंपन जलद, आणि अणू जड झाला की ते मंदावते. म्हणूनच साध्या ऑक्सिजनऐवजी त्याचे १८ वस्तुमानांकाचे जड समस्थानिक वापरतात. जी कंपनरेषा खाली सरकते ती ऑक्सिजनची, हे मग वेगळे सिद्ध करत बसावे लागत नाही.

याहून पक्के कारण पुढे आहे. हीमसाठी सर्वांत उपयोगी पडलेल्या पद्धतीच्या इंग्रजी नावात, ‘रेझोनन्स रामन’मध्ये, ‘रेझोनन्स’ आहे, आणि त्याला मराठी विज्ञानलेखनात ‘अनुस्पंदन’ म्हणतात. स्पंदन तिथे आधीच कामाला लागलेले आहे. कंपनालाही स्पंदनच म्हटले तर ‘अनुस्पंदी रामन पद्धतीने स्पंदनांचे मापन’ अशी वाक्ये जन्माला येतील आणि कुठले स्पंदन प्रकाशाशी जुळलेले, कुठले अणूंचे, याचा पत्ता लागणार नाही.

पद्धत थोडक्यात सांगतो, म्हणजे शब्द का जपायचे ते कळेल. रामन यांनी १९२८मध्ये दाखवले की रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. हा बदल त्या रेणूतल्या कंपनांएवढा असतो. (रामन यांना १९३० साली भौतिकीचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी रसायनाचे नोबेल हान्स फिशर यांना मिळाले, हीमिन (हीमचेच एक रूप) आणि हरितद्रव्याची रचना उलगडल्याबद्दल आणि हीमिन प्रयोगशाळेत तयार केल्याबद्दल. या लेखाचे दोन्ही धागे एकाच वर्षी स्टॉकहोममध्ये होते म्हणायचे.) एवढ्या मोठ्या प्रथिनात हजारो अणू थरथरत असतात, त्यांतली हीमची कंपने वेगळी कशी ऐकायची? हीम ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश जोरात शोषते. लेसर त्याच रंगाचा घेतला की हीमची कंपने कैक पटींनी ठळक होतात आणि बाकीचे प्रथिन जवळपास गप्प राहते. हेच ते अनुस्पंदन.

मग आकडे बोलू लागतात. हीमच्या कड्याचे एक कंपन लोहाच्या अवस्थेनुसार जागा बदलते: लोह फेरिक (तीन धनभारांचे) असेल तर साधारण १३७०-१३७५ प्रति सेंटिमीटरला, फेरस (दोन धनभारांचे) झाले की १३५५-१३६०च्या आसपास. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचे कंपन २१४३ला असते. तोच रेणू स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनामधल्या हीमला चिकटला की १९४५च्या जवळ येतो. लोह आपले इलेक्ट्रॉन त्याच्याकडे ढकलते, त्यामुळे कार्बन-ऑक्सिजनचा बंध सैलावतो. बंध सैल, कंपन मंद. ‘स्पंदनात्मक’ लिहिल्यावर यातले काय कळणार? ‘-आत्मक’ हा प्रत्ययच मला संशयास्पद वाटतो. इंग्रजी विशेषण दिसले की तो आपोआप चिकटतो.

‘वर्णपट’ मात्र ठेवा. अवरक्त प्रकाशाला डोळ्यांना दिसणारा वर्णच नाही, मग वर्णपट कसा, अशी शंका काही जण काढतात. शब्द रूढ झाला की त्याची फोड करून अडवणूक करायची नसते. शिवाय रामन पद्धतीत तर लेसरचा रंग खरोखरच दिसतो. ‘दर्शन’ऐवजी शास्त्रशाखेला ‘वर्णपटविज्ञान’ म्हणावे आणि प्रत्यक्ष प्रयोगाला ‘वर्णपटमापन’.

त्यामुळे ओळ ‘हीम एन्झाइमांचे कंपन-वर्णपटमापन’ अशी होईल. शीर्षकाला ती चालेल. मजकुरात मात्र नामांची ही आगगाडी सोडून क्रियापदाला काम द्यावे: ‘हीम असलेली एन्झाइमे कशी काम करतात हे त्यांच्यातल्या अणूंची कंपने मोजून शोधतात.’ शब्द चार जास्त झाले, पण कुणाला दोनदा वाचावे लागणार नाही.

लेख पुढे लिहिताना आणखी एक ‘हिम’ भेटेल. आलेखातल्या उंचवट्याला प्रयोगशाळेत सगळे ‘पीक’ म्हणतात. बोलायला ठीक आहे, पण ‘१३७५चे पीक घेतले’ असे छापले की वाचक शेतात जातो. तिथे ‘शिखर’ लिहा. आणि १३७५ या आकड्याला ‘कंप्रता’ म्हणण्यापेक्षा ‘तरंगसंख्या’ बरे. एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग बसतात तो हा आकडा आहे, एका सेकंदात किती कंपने होतात तो नव्हे.