स्टोरेजकडे जाणाऱ्या दोन वाटा

प्रश्न : आमच्या पतसंस्थेने तीन सर्व्हरसाठी दोन कंट्रोलरची (डिस्कचा कारभार पाहणाऱ्या भागांची) एक स्टोरेज यंत्रणा घेतली आहे. प्रत्येक कंट्रोलरला आणि प्रत्येक सर्व्हरला १० गिगाबिटचे दोन-दोन पोर्ट असून जोडणी आयस्कझीने (नेटवर्कच्या केबलवरून दूरची डिस्क वापरू देणाऱ्या पद्धतीने) होणार आहे. पुरवठादाराच्या मते कार्यालयातल्याच स्विचला सर्व जोडून पोर्टांची जोडी बांधली (दोन पोर्ट मिळून एकच जोडणी केली) की काम भागेल. हे योग्य आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, दोन्ही गोष्टी टाळाव्यात. कार्यालयाच्या स्विचवर प्रिंटर, सीसीटीव्ही, हजेरीचे यंत्र असे सगळेच लटकलेले असते. तिथे कोणी एकाच केबलची दोन्ही टोके चुकून भिंतीवरच्या सॉकेटांत खोचली, तरी लूप (तोच डेटा गोल गोल फिरत राहणे) तयार होऊन जाळे ठप्प होऊ शकते. इंटरनेट दोन मिनिटे गेले तर कर्मचारी चहा पिऊन येतात. सर्व्हरला स्वतःची डिस्क दोन मिनिटे दिसली नाही, तर डेटाबेस बंद पडतो.

म्हणून केवळ स्टोरेजसाठी दोन वेगळे स्विच घ्यावेत. प्रत्येक कंट्रोलरचा आणि प्रत्येक सर्व्हरचा एक पोर्ट पहिल्या स्विचला, तर दुसरा पोर्ट दुसऱ्या स्विचला जोडावा, आणि दोन्ही स्विचना वेगवेगळे सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) द्यावेत. तुमच्याकडे प्रत्येक सबनेटमध्ये पाच, म्हणजे एकूण दहा आयपी पत्ते लागतील. कंट्रोलरच्या व्यवस्थापन पोर्टांचे पत्ते याहून निराळे. या पत्त्यांचा तक्ता केबल ओढण्यापूर्वीच कागदावर तयार असावा.

जोडी बांधल्याने वेग दुप्पट होतो, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात एक आयस्कझी जोडणी जोडीतल्या एकाच तारेवरून धावते, शिवाय दोन स्वतंत्र स्विचवर अशी जोडी सहसा बांधताच येत नाही. त्याऐवजी सर्व्हरवर मल्टिपाथ, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा ओळखून वापरणारी सोय, सुरू करावे. ते राहून गेले, तर एकच डिस्क यादीत दोनदा, चारदा दिसू लागते आणि नवखा माणूस त्यांना वेगळ्या डिस्क समजून फॉरमॅट करायला घेतो.

जम्बो फ्रेम (डेटाची नेहमीपेक्षा मोठी पाकिटे) वापरायच्या असल्यास ९००० बाइटची मर्यादा सर्व्हर, स्विच आणि स्टोरेज या तिन्ही ठिकाणी लावावी लागते. एखादे ठिकाण १५०० वरच राहिले, तर साधे पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) जाते, लॉगिनही होते, पण मोठी फाइल लिहिताना सगळे अडते. तपासणीसाठी तुकडे न पाडण्याचा पर्याय देऊन ८९७२ बाइटचे पिंग पाठवावे. उरलेले २८ बाइट हेडरमध्ये, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यासारख्या माहितीत जातात.

विजेकडे मात्र कोणी पाहत नाही. एका ठिकाणी मी दोन स्विच आणि रंगवार लावलेल्या केबली पाहिल्या, पण दोन्ही स्विचच्या पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डात होत्या. तुमचे स्विच वेगवेगळ्या यूपीएसवर असावेत.

खरा डेटा चढवण्याआधी, मोठी फाइल कॉपी होत असताना, पुरवठादाराला एका स्विचची वीज काढायला सांगावे, आणि तो स्विच पूर्ववत झाल्यावर दुसऱ्याची. दोन्ही वेळा काही सेकंद थबकून कॉपी पुढे चालू राहिली, तरच काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करावी.