गडग्यातलं फुरसं, गोठ्यातली धामण

आमच्या कलमांच्या बागेच्या गडग्यात, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणात, फुरशी आहेत. गडी हात घालायला घाबरतात. गडगा पाडून टाकू का? (देवगड)

नका पाडू. पाडायला घेतलात की दगडागणिक हात घालावा लागेल, आणि फुरसं चावतं ते अशाच वेळी. फूट-दीड फुटाचा विषारी साप, रंग जांभ्याच्या धुळीचा. पुढ्यात असून दिसत नाही. पण तो आधी सांगतो. अंगाची वळी एकमेकांवर घासून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज काढतो. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुणी तरी मागे पाचोळा ओढतंय असं वाटून वळून पाहिलं होतं. साप पायाशी होता. त्या आवाजावर जागच्या जागी थांबायचं, तो कुठे आहे ते पाहायचं आणि मग मागे सरायचं.

इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळे. ढिगांनी मारली, सड्यावरून (जांभ्याच्या उघड्या माळावरून) ती काही गेली नाहीत. तेव्हा सवयी आपणच बदलूया. दगड हलवायचा तर कुदळीने त्याची पलीकडची कड आपल्याकडे ओढा, म्हणजे साप आणि तुमच्या मध्ये दगडच आड येतो. पायात गमबूट, रात्री बॅटरी.

चावलंच तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट रुग्णालय गाठायचं. या विषाने रक्त गोठेनासं होतं. म्हणून तिथे काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करून पाहतात. रक्त पातळच राहिलं तर प्रतिविष सुरू. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ते एकच औषध चालतं.

गोठ्यात धामण येते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं सासूबाई म्हणतात. (राजापूर)

सासूबाईंशी भांडू नका, पण धामण येते ती पेंढ्यातल्या उंदरांसाठी. सापाला चोखता येत नाही, दातही मागे वळलेले. ते सडाला लागले तर गाय लाथ झाडल्याशिवाय राहील का? दूध आटलं असेल तर गुरांचे डॉक्टर बोलवा. साप घरातच शिरून बसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. मारू मात्र नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ धामणीलाही लागू आहे.

रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) चपट्या शेपटीचे साप येतात. चावत नाहीत म्हणून पोरं शेपटीला धरून भिरकावतात. चालतं का? (मालवण)

अजिबात नाही. चावायला नाखूश असतात हे खरं, पण विष जहाल आहे, आणि आपल्याकडचं प्रतिविष वर सांगितलेल्या चार सापांसाठी बनवलेलं. समुद्रसापावर त्याची भिस्त ठेवता येत नाही. चावा दुखतही नाही, त्यामुळे पोर घरी सांगणार नाही. ती शेपटी म्हणजे वल्हं. वाळूवर हा साप नुसता लोळतो, कारण सरपटायला लागणारे पोटाखालचे रुंद खवले त्याला जवळजवळ नसतातच. श्वास मात्र हवेतला, म्हणून जाळ्यात पाण्याखाली अडकला तर गुदमरून मरतो. काठीने उचलून लाटेत सोडा. हात लावू नका.

आंबोलीला पावसात चापडा साप पाहायला गेलो. बरोबरच्या गाईडने फोटोसाठी काठीने त्याला दुसऱ्या फांदीवर बसवलं. (सावंतवाडी)

पुढच्या वेळी दुसरा गाईड बघा. चापडा बेडकाची वाट पाहत एकाच जागी रात्र काढतो. उठवलात की त्याची शिकार गेली. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने त्याला ऊब कळते, तेव्हा तुम्ही आलात हे त्याला तुमच्या बॅटरीआधीच समजलेलं असतं. चार हात लांबून बघा, फांदी हलवू नका. आणि दुसऱ्या रात्री परत जा. बहुधा तिथेच असतो.