तैवानला एकट्याने सायकलवर पूर्ण फेरी मारायची आहे. किती दिवस लागतात, सायकल कोणती न्यावी आणि मध्ये ट्रेन घेतली तर फेरी पूर्ण धरतात का?

दिवस आणि सायकल यांचं आधी सांगून टाकते. तैवानभोवती फिरणारा सायकल मार्ग क्रमांक 1 साधारण साडेनऊशे किलोमीटरचा आहे आणि रोज ऑफिसला सायकलने जाणारा माणूसही तो नऊ ते बारा दिवसांत करतो. भारतातून खोक्यात घालून सायकल आणू नका. जायंट या तैवानी सायकल कंपनीच्या दुकानांत मागच्या पिशव्यांसकट भाड्याने मिळते, फक्त आपल्या उंचीची फ्रेम आधी सांगून ठेवा. वयाची सबब तर नकोच. जायंटचे संस्थापक किंग लिऊ यांनी 2007 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, ही फेरी केली.

आता तिसरा प्रश्न. खरं तर त्यासाठीच लिहायला बसले. हो, पूर्ण धरतात. मी ट्रेन घेतली होती आणि माझी फेरी पूर्ण आहे.

इतकं ठासून सांगते, कारण माझा थोरला भाऊ हे मानत नाही. दादा पुण्यात बीआरएम करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या; 600 किलोमीटरची सुद्धा केलीय. त्याच्या मते चाक रस्त्यावरून उचललं की संपलं. मी फेरी संपवून घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर त्याचा पहिला मेसेज: "छान. पण सलग नाही ना." ते अजून सलतं.

मी शिनचूला नोकरी करते, तिथूनच निघाले. घड्याळाच्या उलट दिशेने जायचं. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे किनाऱ्याने जाताना समुद्र आपल्या उजव्या हाताला राहतो. पश्चिम किनारा सपाट, नुसते सिग्नल आणि कारखाने. शरद ऋतूपासून ईशान्येचा वारा सुटतो, तो पाठीवर असतो, म्हणून अंतर भराभर कापलं जातं. त्यावर कोणी हुरळून जाऊ नये. दक्षिणेला फंगकांगहून घाट चढून पलीकडे उतरलं की तोच वारा तोंडावर येतो आणि मग रोज संध्याकाळपर्यंत सोडत नाही. घाट मात्र सुरेख आहे. 2019 च्या शेवटी खालून बोगदा झाला, ट्रक सगळे तिकडे गेले आणि शोउका घाटाचा जुना रस्ता सायकलवाल्यांना मोकळा मिळाला. तायतुंगपासून पुढे मी किनारा सोडून आतल्या खोऱ्यातून गेले. चिशांगची भातशेती दोन्ही बाजूंना डोंगरापर्यंत पसरलेली. तिथे मी गरजेपेक्षा जास्त थांबले आणि तुम्हीही थांबा.

हुआलिएनच्या पुढे सुहुआ रस्ता लागतो. दादाने तो कधी पाहिलेला नाही. डोंगर थेट समुद्रातून वर आलेला आणि त्याच्या पोटात कोरलेली वाट. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये मेगी वादळाच्या पावसात इथे दरडी कोसळल्या, त्यात पर्यटकांची बस गेली. त्यानंतर लांब बोगदे बांधून नवा रस्ता केला, तो 2020 च्या जानेवारीत पूर्ण झाला. त्या लांब बोगद्यांत सायकलला बंदी आहे. उरलेल्या पट्ट्यात अरुंद जुने बोगदे आणि सिमेंट-खडीचे ट्रक.

मी हुआलिएनच्या पुढच्या शिनचेंगपर्यंत चालवत गेले. सकाळी पाऊस होता. पहिल्या बोगद्याच्या अलीकडे बराच वेळ कडेला उभी राहिले. ट्रक गेला की अंगावर चिखलाचं पाणी यायचं आणि हँडल आपोआप डावीकडे ओढलं जायचं. पाय दुखत नव्हते, दमही होता. तरी सायकल वळवली आणि स्टेशनवर आले.

फलाटावर पुढचं चाक काढलं, पेडल काढायला पाना लागेना. शेजारी साठीपुढचे एक गृहस्थ आपली सायकल पिशवीत भरत होते. त्यांनी न विचारता पाना हातातून घेतला, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं ते फिरवून दाखवलं आणि चेनवर वर्तमानपत्र गुंडाळून दिलं, पिशवीला तेल लागू नये म्हणून. तेही सुआओलाच, म्हणजे सुहुआ रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, उतरले. तिथे चाक बसवलं आणि आम्ही आपापल्या वेगाने निघालो. त्यांना विचारायला हवं होतं का दादाने, तुमची फेरी तुटली का म्हणून?

दादासाठी माझ्याकडे याहून पक्कं उत्तर आहे. नर्मदा परिक्रमावासी नदीच्या मुखाशी विमलेश्वरहून पलीकडच्या काठावरच्या मिठीतलाईला नावेने जातात. पुढे खाडी आणि समुद्र, चालणार कुठून? आमच्या आत्याने परिक्रमा केली तेव्हा तीही नावेत बसली होती. ती परत आली त्या दिवशी दादा तिच्या पाया पडला. तिला नाही म्हणाला, "सलग नाही ना." वाट जिथे पायाला किंवा चाकाला जागा देत नाही तिथे दुसरं वाहन घेणं हा परिक्रमेतलाच भाग आहे. बीआरएमचा नियम बीआरएमपुरता. तिथे घड्याळ असतं, कंट्रोल म्हणजे तपासणीचे थांबे असतात, शिक्के मारायचं ब्रेव्हे कार्ड असतं. इथे शिक्क्याची सक्ती नाही.

ज्यांनी सुहुआ सायकलवर केला त्यांना मी कमी लेखत नाही, करणारे आहेत. पण एकट्याने, सामानासकट, पावसात करू नका. माझी फेरी 3 एप्रिल 2024 च्या भूकंपाआधीची आहे. त्यात या रस्त्यावरचा पूल पडला होता, तेव्हा निघण्याआधी रस्त्याची ताजी स्थिती पाहा. इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, वादळं असतात, तेव्हा येऊ नका. शाकाहारी असाल तर उलट्या स्वस्तिकाची पाटी शोधा, ती बौद्ध शाकाहारी खानावळ असते. बाकी वेळेला सेव्हन-इलेव्हनमधली भाजलेली रताळी आहेतच. पाणी आणि हवेचा पंप वाटेतल्या बऱ्याच पोलिस चौक्यांवर मिळतो, बिनधास्त आत जा.

सायकलची पिशवी निघतानाच जवळ ठेवा. पिशवीतली सायकल बहुतेक गाड्यांत चालते, उघडी फक्त ठरावीक गाड्यांत. आणि घरी कोणी विचारलं तर पूर्ण केली म्हणून सांगा, शिनचेंग ते सुआओचं तिकीट दाखवून सांगा.