"सिनेमा बघणं पाप आहे का, ताई?"

जालन्याचे एक गृहस्थ मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे सल्ला विचारायला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बियाणे कंपनीच्या गोदामात नोकरी, रविवारी चर्चच्या संडे स्कूलमध्ये पोरांना बायबल शिकवायचे. अकरावीतला मुलगा रात्री गोधडीत मोबाइल घेऊन सिनेमे बघतो, ही तक्रार. "नुसत्या शिव्या अन् मारामाऱ्या. ताई, ख्रिस्ती घरात हे चालतं का?"

पालकांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. 'बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र 4:8 दोघं मिळून वाचा,' असं सांगून मी त्यांना पाठवलं. चुकलंच माझं. त्यांनी त्यातलं 'जे काही शुद्ध' एवढंच मोठ्या अक्षरात छापून टीव्हीवर चिकटवलं. पुढच्या खेपेला मुलगा आला तो बायबलमध्ये बोट घालूनच. शास्ते, अध्याय 19, एका बाईवर रात्रभर अत्याचार होतो तो. "हे वाचा. कोणत्या सिनेमात एवढं असतं?" पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय ते पत्र लिहिणाऱ्या पौलाची यादी 'शुद्ध'पासून नाही, 'जे काही सत्य' इथून सुरू होते, हे आम्हा दोघा मोठ्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग मी वेगळं काम दिलं. मुलानं निवडलेला एक सिनेमा घरात सगळ्यांनी मिळून बघायचा, मध्ये बंद करायचा नाही, आणि संपल्यावर आधी मुलगा बोलणार.

"म्हणजे मी गप्प बसायचं?"

"दोन तास. तुमच्या वर्गातली पोरं बसतातच की."

आठवड्यानं बापलेक आले. सिनेमा कोरडवाहू शेतकऱ्याचा होता. वडिलांनी कागदावर शिव्या मोजून आणल्या होत्या, अकरा. मी मुलाला विचारलं, "तुझ्या काय लक्षात राहिलं?"

"तो बैल विकतो आणि घरी सांगतो, पाहुण्याकडं बांधलाय. तेवढंच मी परत परत बघतो."

वडील पंख्याकडे बघत राहिले. मोसंबीची बाग जगवायला दोन उन्हाळे टँकर लावले होते, त्याचं खासगी कर्ज होतं. घरात बोलले नव्हते. लेकराला ते कधीचंच ठाऊक होतं.

मी 2 शमुवेल 12 काढलं. दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेऊन नवऱ्याला मारवलेलं असतं. नाथान संदेष्टा त्याला थेट काही बोलत नाही, श्रीमंतानं हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगतो. दावीद त्या गोष्टीतल्या श्रीमंतावर संतापतो, आणि मग सातवं वचन येतं, 'तो मनुष्य तूच आहेस.' ते मी वाचलं नाही. हा अध्याय ते दरवर्षी शिकवतात. त्यांनी शिव्यांचा कागद घडी करून खिशात घातला.

याचा अर्थ सगळंच बघावं असा नाही. बाईची विटंबना गंमत म्हणून वाढणारे सिनेमे मी पोरांना सरळ बंद करायला सांगते. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात 'सर्व गोष्टींची पारख करा' असं आहे, आणि पारख चोरून, एकट्यानं, रात्री एक वाजता होत नाही. मंडळीत कुणी सिनेमा म्हणजे सैतानाचं दुकान म्हणालं की मी फाळक्यांची आठवण देते. ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघून ते झपाटले, आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

त्या घरात कर्जाचं आता आईलाही माहीत आहे. दोन दिवस ती बोलली नाही, मग हिशोबाची वही घेऊन बसली. चोरून बघणं पुरतं थांबलेलं नाही. रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतात, तिघांचेही.