वडिलांच्या मानेतल्या गाठीत टीबी निघाला. गोठ्यातल्या गाईपासून आला का, हे सीबीनॅटवरून (नमुन्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या मशीनवरून) कळतं का?

नाही कळत. मी नाशकातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज त्याच मशीनसमोर बसतो. तुम्ही सिन्नरकडचे, दारात चार गाई, त्यामुळे शंका येणारच.

तुमच्या रिपोर्टवर दोन ओळी आहेत: 'एमटीबी डिटेक्टेड' आणि 'रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड'. गैरसमज होतो तो पहिल्या ओळीमुळे. इथे एमटीबी हे एका जंतूचं नाव नाही, अख्ख्या भावकीचं आहे. माणसाचा नेहमीचा ट्युबरक्युलोसिस, गुरांचा बोव्हिस, दक्षिण आशियात गुरांत आणि माणसांतही सापडलेला ओरिजिस, सगळे त्यातच आले. गाठीतला पू रीएजंट घालून हलवायचा, पंधरा मिनिटं ठेवायचा, कार्ट्रिजमध्ये भरायचा. दोनेक तासांत निकाल. रिफ म्हणजे रिफॅम्पिसिन, टीबीचं एक मुख्य औषध. त्यासाठी मशीन जंतूच्या आरपीओबी जीनचा 81 अक्षरांचा तुकडा तपासतं. तिथे बदल दिसला तर ते औषध बहुधा लागू पडणार नाही. पण भाऊ कुठला, ते मशीन सांगत नाही.

ते ओळखायला, जंतूच्या जीनोममधून (अख्ख्या डीएनएमधून) काय गळालंय ते बघावं लागतं. सातबाऱ्यावरून एखादा गट उडालेला असावा, तसं. ट्युबरक्युलोसिसमध्ये आरडी9 नावाचा तुकडा शाबूत असतो. ओरिजिसमध्ये तो नसतो, पण आरडी4 असतो. बोव्हिसमध्ये दोन्ही नाहीत. पीसीआर करून, म्हणजे त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, जेलवर पट्टी उमटते की नाही, एवढंच पाहायचं. ऐकायला सोपं आहे, पण ही नेहमीची तपासणी नाही; बहुधा कल्चरमध्ये (लॅबमध्ये मुद्दाम) वाढवलेल्या जंतूवर आणि मोठ्या लॅबमध्येच होते. कुठली औषधं चालतील ते पाहायला एलपीए नावाची पट्टीवरची डीएनए तपासणी करतात, तिच्या नेहमीच्या पट्टीवरही हे कळत नाही.

(बीसीजीची लस म्हणजे दुबळा केलेला बोव्हिसच. म्हणून लस टोचलेल्या बाळाच्या काखेत गाठ आली तर तिच्या पुवातही 'एमटीबी डिटेक्टेड' येऊ शकतं. तिथे आरडी1 गायब आहे का, हे पाहिलं की उलगडा होतो.)

हा फरक नुसत्या कुतूहलाचा नाही. बोव्हिसवर पायराझिनामाइड हे टीबीचं औषध चालत नाही. त्याच्या पीएनसीए जीनमध्ये जन्मजातच एक अक्षर बदललेलं असतं. आणि पहिल्या दोन महिन्यांच्या चार औषधांतलं ते एक आहे. बोव्हिस निघाला तर डॉक्टर सहसा कोर्स लांबवतात. बाकीची औषधं चालतात, त्यामुळे गोळ्या मध्येच थांबवू नका.

माझं मत विचाराल तर गाईआधी माणसं बघा. गोठा असलेल्या घरातही टीबी बहुतेक वेळा माणसाकडूनच येतो. घरात कुणी दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकतंय का? धारोष्ण दूध मात्र आजपासून बंद, उकळूनच प्या. गुरांना टीबी आहे का हे पाहणारी ट्युबरक्युलिन चाचणी पशुवैद्यक करतात.

डॉक्टरांना गोठ्याचं स्पष्ट सांगा आणि पू कल्चरला गेलाय का तेवढं उद्याच विचारा. गोळ्या सुरू होऊन दिवस लोटले की कल्चरमध्ये जंतू वाढणं अवघड होतं.